दुबळ्यानेच दुभाष्या का व्हावे?

मालवण तालुक्यात देवबाग नावाचे गाव आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. या गावातील एका परिचित घरी काही वर्षांपूर्वी धाकट्या मुलाचे लग्न झाले. थोरला मुलगा दुबईत बांधकामावर नोकरीस. त्यास रजा मिळाली नाही. मुलगी लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सी येथे गेलेली. तिची कागदपत्रे अपुरी असल्यामुळे देशाबाहेर पाऊल टाकले तर परत प्रवेश मिळेल याची शाश्वती नव्हती. दोघेही आले नाहीत. म्हणून आईने मालवणच्या बाजारातील व्हिडिओवाल्याकडून लग्नाच्या चित्रणाच्या दोन डीव्हीडी करून घेतल्या. एक दुबईस परतणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती दिली, दुसरी टपालाने अमेरिकेस धाडली.

दुबईतील खोलीत आठ जणांनी मिळून ते लग्न पाहिले. न्यू जर्सीहून मात्र फोन आला, “आये, डीव्हीडी पोचली गो, पण कायच दिसणा नाय, नुसतो काळोख.” आईने सारा दोष व्हिडिओवाल्याच्या माथी मारला. “मेल्यान पैशे घेतल्यान आणि फसवल्यान,” असे ती आल्यागेल्यास सांगू लागली. व्हिडिओवाला बिचारा शपथा घेत राहिला. दोन्ही तबकड्या त्याने एकाच संगणकावर, एकाच संध्याकाळी, एकामागून एक कोरल्या होत्या. तो खोटे बोलत नव्हता. तबकडीही खराब नव्हती. मग दुबईस दिसलेले लग्न न्यू जर्सीस का दिसले नाही?

एका शिकल्यासवरल्या शेजाऱ्याने उत्तर दिले की, डीव्हीडीला ‘रिजन कोड’ असतो, भारताचा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा, म्हणून हे घडले. हे उत्तर आजही अनेकजण देतात. परंतु ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे समजून घेतल्याखेरीज खरा गुन्हेगार हाती लागणार नाही. डीव्हीडीच्या नकाशात भारत पाचव्या विभागात, तर दुबईसह सारे आखात दुसऱ्या विभागात येते. विभागाचे कुलूपच आड आले असते तर ती तबकडी दुबईतही चालावयास नको होती. ती चालली. याचे कारण असे की, घरी अथवा गावच्या स्टुडिओत कोरलेल्या तबकडीवर विभागाचे कुलूप नसतेच. ते कुलूप चित्रपट कंपन्यांनी आपल्या मालासाठी घडविलेले आहे. लग्नाची तबकडी अडली ती दुसऱ्या, अधिक जुन्या आणि अधिक निगरगट्ट अशा भिंतीपाशी.

या भिंतीची कथा सांगण्यापूर्वी एका आक्षेपाचा समाचार घेणे अवश्य आहे. कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ साथी म्हणाले, “पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांनी पारंपरिक मच्छीमार नागवला जात असताना लग्नाच्या कॅसेटींची चर्चा कसली करता? हे सुखवस्तूंचे दुखणे आहे.” आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे.

या किनाऱ्याची अर्थव्यवस्था गेल्या शंभर वर्षांत कशावर उभी राहिली? माणसे बाहेर पाठविण्यावर. प्रथम ती मुंबईच्या गिरणगावात गेली आणि कोकणात मनीऑर्डरी येऊ लागल्या. त्याच काळात गाबीत व खारवी तरुण बोटींवर खलाशी म्हणून गेले. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि तेथील बांधकामांवर, गोद्यांवर, उपाहारगृहांत कोकणी माणूस दिसू लागला. १९८२ चा गिरणी संप चिरडला गेल्यावर मुंबईचा आधार ढासळला आणि घराबाहेर पडणाऱ्याची वाट आणखी लांब झाली. म्हणजेच कुटुंब फोडून त्याचे हातपाय परदेशी पाठविणे हा येथील गरिबाचा जगण्याचा मार्ग आहे. ती हौस नव्हे. अशा घरात लग्नाची, चतुर्थीची, आजीच्या शेवटच्या दिवसांची चित्रफीत ही चैन कशी म्हणता येईल? ज्यास बापाच्या तेराव्यालाही येता आले नाही त्याला ती फीत म्हणजे त्याने गमावलेल्या दिवसाची मिळालेली एकमेव भरपाई होय. मजुराचे श्रम सीमेपलीकडे नेण्यासाठी दलाल आहेत, परवाने आहेत, विमाने आहेत. त्याच्या आठवणींना मात्र सीमेवर थांबविले जाते, आणि त्याची तक्रार करणे यास आपण सुखवस्तूपणा म्हणतो!

आता त्या भिंतीकडे वळू. दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे एका सेकंदात अनेक स्थिर चित्रे ओळीओळीने पडद्यावर रेखाटणे. किती चित्रे आणि किती ओळी, हे आरंभी विजेच्या प्रवाहाने ठरविले. अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीने रूढ केलेली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, तर युरोपात जर्मनीच्या एईजी कंपनीमुळे रुजलेली ५० आवर्तनांची. पडद्यावर विजेच्या लहरी थरथरू नयेत म्हणून चित्रांचा वेग विजेच्या आवर्तनांशी जुळविला गेला. अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ ओळी व सेकंदाला ३० चित्रे हे प्रमाण स्वीकारले आणि १९५३ मध्ये त्यास रंगांची जोड दिली. हीच ‘एनटीएससी’ पद्धती. युरोपने ६२५ ओळी व २५ चित्रे पत्करली. रंगांसाठी पश्चिम जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी ‘पाल’ पद्धती सिद्ध केली, तर फ्रान्सने राष्ट्रीय अभिमानापोटी ‘सेकाम’ पुढे रेटली आणि सोव्हिएत संघाने तिला साथ दिली. १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे आणि १९६६ मध्ये ओस्लो येथे आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. युरोपासाठी तरी एकच प्रमाण असावे यावर एकमत झाले नाही. तंत्रज्ञांच्या टेबलावर शीतयुद्ध आणि कंपन्यांची पेटंटे येऊन बसली होती. भारताची वीज ५० आवर्तनांची. म्हणून १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली ती ६२५ ओळींची, आणि १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले ते ‘पाल’चे. आखातातील बहुतेक देशही ‘पाल’चेच. म्हणून दुबईत लग्न दिसले.

येथवर कोणावर दोषारोप करण्याचे कारण नाही. दोन भूभागांत दोन प्रमाणे निर्माण झाली, हा इतिहासाचा योगायोग म्हणता येईल. रेल्वेच्या रुळांची रुंदीही देशोदेशी निराळी असते. खरा प्रश्न यानंतरचा आहे. दोन प्रमाणे जगात असताना त्यांच्यातील भाषांतराचा खर्च कोणी सोसावयाचा?

१९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली तेव्हा चित्र हे आकड्यांच्या रूपात साठविले जाऊ लागले होते. ‘पाल’च्या तबकडीवर ७२० गुणिले ५७६ ठिपके व सेकंदाला २५ चित्रे, ‘एनटीएससी’च्या तबकडीवर ७२० गुणिले ४८० ठिपके व सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आकड्यांचे रूपांतर करणे यंत्रास अवघड नाही. भारतात विकले जाणारे अगदी स्वस्त प्लेअरही बहुधा दोन्ही तबकड्या चालवीत. आपल्या घरातील साधा रंगीत टीव्हीही पुढे दोन्ही चित्रे दाखवू लागला. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या बहुसंख्य प्लेअरांना ‘पाल’ वाचताच येत नसे. चीनमधील ज्या कारखान्यांतून दोन्हींना समजणारी यंत्रे आपल्याकडे येत, तसल्याच कारखान्यांतून एकभाषी यंत्रे तिकडे जात. कारण उघड आहे. अमेरिकन गिऱ्हाइकास बाहेरच्या जगाची तबकडी पाहण्याची गरज आहे, असे कोणास वाटलेच नाही. आपल्याला मात्र त्यांची तबकडी पाहावीच लागणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

यात नवे ते काय? मालवणचा पोर घरात मालवणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, मुंबईस हिंदी उचलतो आणि पोटासाठी इंग्रजी घोकतो. ज्याच्या हाती सत्ता आहे तो एकाच भाषेवर आयुष्य काढतो. दुबळ्याने दुभाष्या व्हावे आणि बलवानाने एकभाषी राहावे, हा विषमतेचा सनातन नियम आहे. यंत्रांच्या राज्यात तो सहज दिसत नाही, कारण तेथे त्यास ‘तांत्रिक अडचण’ असे निरागस नाव मिळते. न्यू जर्सीतील त्या मुलीस पुढे कोणी सांगितले, “तबकडी संगणकात घालून पाहा.” संगणकास टीव्हीच्या प्रमाणाचे बंधन नसते. तिने तसे केले आणि सारे लग्न, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत, लख्ख दिसले. तबकडी पहिल्या दिवसापासून निर्दोष होती. काळोख तबकडीत नव्हता. तो यंत्र घडविणाऱ्याच्या उपेक्षेत होता.

आता विभागाच्या कुलपाविषयी. ते आपल्या घरगुती तबकडीस लागू नाही म्हणून त्यास सोडून देता येणार नाही, कारण ज्या वृत्तीने पहिली भिंत दुरुस्त केली नाही, त्याच वृत्तीने ही दुसरी भिंत मुद्दाम बांधली. चित्रपट कंपन्यांनी जगाचे तुकडे केले. पहिला विभाग अमेरिका व कॅनडा, दुसरा युरोप, जपान, पश्चिम आशिया, तिसरा आग्नेय आशिया, चौथा ऑस्ट्रेलिया व लॅटिन अमेरिका, सहावा चीन. आणि पाचवा? त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा बहुतेक प्रदेश आणि जवळजवळ सारी आफ्रिका. नकाशा पाहिला की तो कोणत्या तत्त्वावर आखला गेला हे सांगावे लागत नाही. तत्त्व बाजारपेठेचे होते. एकच चित्रपट प्रत्येक विभागात निराळ्या वेळी व निराळ्या दराने विकता यावा आणि ग्राहकाने स्वस्त विभागातून तो उचलून महाग विभागात नेऊ नये, यासाठी ही कुंपणे घातली गेली. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनीच ती घातली, हे विशेष! माल विकणाऱ्यास सारे जग एक. विकत घेणाऱ्यास मात्र जगाचे सहा तुकडे.

या योजनेत एक आठवाही विभाग आहे, विमाने आणि पर्यटकांच्या आलिशान जहाजांसाठी. जहाजावर करमणुकीस जाणाऱ्या प्रवाशाचा विचार झाला. त्याच समुद्रावर मालवाहू बोटीत आठ-नऊ महिने काढणारा आमचा खलाशी, ज्याचा प्लेअर एका बंदरात आणि तबकडी दुसऱ्या बंदरात घेतलेली, तो कोणत्या विभागाचा रहिवासी, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. संगणकावरील डीव्हीडी यंत्रात सन २००० पासून विभाग बदलण्याची सोय ठेवली गेली. पण केवळ पाच वेळा. पाचव्या बदलानंतर स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र कायमचे एका विभागाशी जखडले जाते. मालक कोण, आपण की ते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या कुलपांविरुद्ध प्रतिकार झालाच नाही असे नाही. १९९९ मध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सन या शाळकरी वयाच्या मुलाने आपल्या सहकाऱ्यांसह डीव्हीडीचे सांकेतिक कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. चित्रपट कंपन्यांच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला झाला. २००३ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही तो निर्दोष ठरला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहणे हा गुन्हा नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. अमेरिकेने मात्र १९९८ च्या कायद्याने कुलूप उघडणे हेच निषिद्ध ठरविले होते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात ‘६५ अ’ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी त्यात तरतूद आहे. परंतु कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास त्यात मोकळीक ठेवली आहे. ही मोकळीक मौल्यवान आहे. परदेशांशी व्यापारी करार करताना ती गहाण टाकली जाणार नाही, यावर आपल्या खासदारांनी लक्ष ठेवले पाहिजे.

बाजाराचे वकील येथे म्हणतील, “तुम्ही मेलेल्या सापावर काठ्या मारीत आहात. आता डीव्हीडी राहिली कोठे? व्हिडिओवालाच पेनड्राइव्ह देतो, नाही तर दुवा पाठवितो. फोनवर टिचकी मारा, लग्न दिसेल.” खरे आहे. तबकडीचे युग सरले. पण ज्या नियमाची आपण चर्चा करीत आहोत तो सरला काय?

साधे उदाहरण घ्या. आपल्या हातातील बहुतेक फोन निवड न सांगितल्यास सेकंदाला ३० चित्रे घेतात. आपली वीज ५० आवर्तनांची. म्हणून मांडवातील ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलेल्या चित्रणात पुष्कळदा पट्टे लहरताना दिसतात. तारा गेल्या, प्रक्षेपण बदलले, अमेरिकेने २००९ मध्ये जुने प्रक्षेपण बंदही केले. तरी तिकडच्या विजेची छाया आमच्या ओटीवर पडतेच आहे. फोन विकताना तो कोणत्या विजेखाली वापरला जाईल हे पाहणे विक्रेत्याचे काम होते. ते पुन्हा ग्राहकावर सोडून दिले गेले.

याहून गंभीर बाब निराळी आहे. लग्नाची फीत यूट्यूबवर ठेवली की २००७ पासून चालत आलेली एक स्वयंचलित पहारेकरी-यंत्रणा ती तपासते. वरातीत बँडने किंवा ध्वनिवर्धकाने वाजविलेले चित्रपटगीत तिला ओळखू आले तर चित्रणाचा आवाज बंद होऊ शकतो, ते काही देशांत अडविले जाऊ शकते, अथवा त्यावर दुसऱ्याच्या नफ्यासाठी जाहिराती लावल्या जाऊ शकतात. म्हणजे विभागाचे कुलूप पुन्हा आलेच, आणि या वेळी ते घरगुती फितीसही लागू झाले! भारताच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांत गाणे वाजविणे हा हक्कभंग नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. ते चित्रण जगापुढे मांडणे हा कायद्याचा निराळा प्रश्न आहे, हे मान्य करू. पण त्या प्रश्नाचा निवाडा न्यायाधीशाने करावयाचा की कंपनीच्या यंत्राने? अमेरिकेत स्टेफनी लेन्झ या मातेने २००७ मध्ये आपले तान्हे मूल स्वयंपाकघरात नाचतानाची २९ सेकंदांची फीत यूट्यूबवर ठेवली. पार्श्वभूमीस प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते, तेवढ्यावरून संगीत कंपनीने ती काढावयास लावली. आईने दावा लावला. रास्त वापराचा विचार केल्याखेरीज अशी मागणी करता येणार नाही, एवढे न्यायालयाकडून वदवून घेण्यास २०१५ उजाडले, आणि खटला मिटला तो २०१८ मध्ये. अकरा वर्षे, २९ सेकंदांसाठी. तेथे मोठी संघटना पाठीशी होती म्हणून हे घडले. देवबागच्या आईच्या पाठीशी कोण उभे राहणार?

आणि तबकडीचे युग सरले म्हणून तबकड्यांवरील युगही सरले, असे समजावयाचे काय? साधारण पंधरा-वीस वर्षांचा काळ असा होता की या जिल्ह्यातील लग्ने, मुंजी, जत्रा, नाटके, गावची गाऱ्हाणी हे सारे प्रथम मिनी-डीव्हीच्या छोट्या फितींवर आणि मग डीव्हीडीवर उतरले. कोरलेल्या डीव्हीडीवरील नोंद ही एका रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन, उष्णता व दमट हवा हे त्या थराचे शत्रू. किनाऱ्यावरील घरांत यातील काय नाही? मिनी-डीव्हीची फीत उतरवून घेण्यास लागणारा कॅमेरा आणि संगणकाचे जोडणीमुख आता जुन्या बाजारातही दुर्मिळ झाले आहे. तबकडी जिवंत आहे पण वाचणारे यंत्र नाही. यंत्र आहे पण तबकडी मेलेली, अशी अवस्था घरोघर आहे.

हानी केवळ कुटुंबांची नाही. आमच्या दशावतारास लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते. संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतो. रात्रभर चाललेला तो वाद, ती शब्दांची झटापट पहाटे दहीकाल्याबरोबर हवेत विरून जाते. थोर नट गेला की त्याचे पाठांतर करून ठेवावे असे मागे काहीच उरत नाही. या कलेची अनेक वर्षांची जी काही साक्ष उरली आहे, ती पुष्कळशी गावच्या व्हिडिओवाल्यांनी आणि हौशी चाकरमान्यांनी केलेल्या चित्रणांत. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीस २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना मिळालेल्या पद्मश्रीमुळे देशाने ओळखले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सन्मानाचा कागद भिंतीवर लागतो आणि चित्रणाची तबकडी कपाटात बुरसते, हे सांस्कृतिक धोरण नव्हे.

मग करावयाचे काय? केवळ मक्तेदारीच्या नावाने बोटे मोडून कार्यकर्त्याची सुटका होत नाही.

पहिले काम ज्ञानाचे. ज्यांस आजही परदेशी तबकडी पाठवावयाची आहे त्यांस चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. अमेरिका, कॅनडा वा जपानकडे जाणारी तबकडी ‘एनटीएससी’त करून मागावी, आखात, इंग्लंड वा ऑस्ट्रेलियास ‘पाल’ चालते. रूपांतर मूळ चित्रणावरून करावे, तयार डीव्हीडीवरून नव्हे, कारण आवळलेले चित्र पुन्हा आवळले की ते बिघडते. ध्वनी पीसीएम किंवा डॉल्बी पद्धतीचा ठेवावा, कारण ‘पाल’च्या तबकडीस चालणारा एक ध्वनिप्रकार तिकडील यंत्रे वाचतीलच असे नाही. तबकडी कोरून झाल्यावर ती ‘फायनलाइज’ केल्याची खात्री करावी आणि एका तबकडीत दोन तासांहून अधिक चित्रण कोंबू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिडिओवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी. तबकडी हा केवळ वाहक आहे. खरी ठेव ती फाइल होय. तिच्या दोन प्रती दोन निराळ्या घरांत असाव्यात. यात कोठेही कायदा मोडत नाही. आपल्या घरच्या तबकडीस कुलूप नाही आणि तिची प्रत काढण्यास कोणाची परवानगी नको.

दुसरे काम संघटनेचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांतील प्रत्येक तालुक्यातील किमान एका ग्रंथालयात एक संगणक, एक चांगले डीव्हीडी यंत्र, फिती उतरविण्याचा एक जुना कॅमेरा आणि हे काम शिकलेला एक तरुण असावा, एवढीच मागणी आहे. लोकांनी तबकड्या आणाव्यात, प्रती न्याव्यात. घरगुती चित्रण घरातच राहील. दशावतार, चित्रकथी, जत्रा यांचे चित्रण कलावंतांच्या संमतीने ग्रंथालयात राहील. ज्या व्हिडिओवाल्यांचा धंदा फोनने बुडविला त्यांच्याइतके या कामास योग्य दुसरे कोण? जिल्हा नियोजनाच्या निधीतून कमानी आणि स्वागतफलक उभे राहतात. त्यांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. शासन हलेपर्यंत आपल्या शाखांनी चतुर्थीच्या दिवसांत, चाकरमानी गावी असताना, एक दिवस तरी हे शिबिर भरवावे.

तिसरे काम राजकारणाचे. यंत्राचे प्रमाण ठरविणे हे तंत्रज्ञांचे खाजगी काम आहे, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. ज्या वस्तू येथे विकल्या जातील त्या सर्वांच्या भाषा जाणणाऱ्या असाव्यात, ग्राहकाच्या स्वतःच्या चित्रणास खुल्या पद्धतीतच साठविण्याची सोय असावी, आणि स्वयंचलित पहारेकऱ्याच्या निर्णयाविरुद्ध माणसापुढे, आपल्या भाषेत, दाद मागता यावी, या मागण्या मच्छीमाराच्या डिझेल परताव्याच्या मागणीइतक्याच न्याय्य आहेत.

कोणास हे अव्यवहार्य वाटत असेल तर त्यांनी याच किनाऱ्याच्या राजकारणातील एक गोष्ट आठवावी. राजापूर मतदारसंघाचे १९७१ ते १९९१ पर्यंत प्रतिनिधित्व करणारे प्रा. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तोपर्यंत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असत. गरिबाने फळीवर झोपावे हे ‘प्रमाण’ कोणीतरी ठरविले होते आणि ते निसर्गनियमासारखे चालत आले होते. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांची गादी घातली. रूळ तेच, डबा तोच; बदलली ती प्रवाशाकडे पाहण्याची दृष्टी. पुढे ती गादी सर्वांनाच इतकी स्वाभाविक वाटू लागली की तिच्यामागे एक राजकीय निर्णय होता याचाही विसर पडला.

देवबागच्या त्या आईने व्हिडिओवाल्याशी आता समेट केला आहे. तिच्या कपाटात मात्र अजून अकरा तबकड्या आहेत. त्यांतील एकीत तिच्या दिवंगत यजमानांचा आवाज आहे, आणि ती तबकडी गेल्या पावसाळ्यापासून मधेच अडकते. आपल्या ठरावांची आणि परिपत्रकांची वाट ती पाहणार नाही. या चतुर्थीपूर्वी तिच्या दारी कोणी कार्यकर्ता पोचणार आहे काय, एवढाच प्रश्न आहे.